गॅस परत एका बाजूला का जमत नाही? एन्ट्रॉपी एकदा हाताने मोजून बघा

तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण बहुतेक जण "एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था" एवढं वहीत लिहून घेतात आणि पुढे सरकतात, तुम्ही तिथेच अडून बसलात. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: डब्याच्या डाव्या अर्ध्या भागात गॅस आहे, मधली भिंत काढली की तो सगळीकडे पसरतो आणि परत कधी डावीकडे जमत नाही. पण कणांची प्रत्येक मांडणी सारख्याच शक्यतेची असते असंही पुस्तक सांगतं. मग सगळे कण डावीकडे असण्याची मांडणीही बाकीच्यांइतकीच शक्य झाली की, ती दिसत का नाही? आणि कण ज्या नियमांनी धावतात ते उलटे चालवले तरी चालतात, तर मग गॅसला ही दिशा कुठून मिळाली? पुढे तुम्ही म्हणता की एन्ट्रॉपीची उष्णता भागिले तापमान ही व्याख्या आणि लॉगवाली व्याख्या एकाच गोष्टीबद्दल बोलतायत असं अजिबात वाटत नाही.

मी बरीच वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकवते आणि सोबत कॉम्प्युटरवर कणांची सिम्युलेशन्स चालवते, त्यामुळे हा गोंधळ मी वर्गातही बघितलाय आणि स्वतःच्या डोक्यातही. माझ्या मते खरी अडचण एन्ट्रॉपीची नाहीच. "मांडणी" हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, तिथे सगळं फसतं. एक मांडणी म्हणजे कण क्रमांक १ कुठे, २ कुठे, ३ कुठे असा पूर्ण तपशील, याला मायक्रोस्टेट म्हणतात. दुसरी म्हणजे आपल्याला बाहेरून जे दिसतं ते, "डावीकडे साधारण निम्मे आहेत" एवढंच, हे मॅक्रोस्टेट. सारखी शक्यता आहे ती पहिल्या प्रकाराला. दुसऱ्या प्रकाराला अजिबात नाही.

आधीच सांगून ठेवते, की "सगळे मायक्रोस्टेट सारख्या शक्यतेचे" हे एक गृहीतक आहे आणि ते कुठे लागू पडतं हे परिस्थितीवर अवलंबून असतं. बाहेरून ऊर्जा येत-जात नसेल, कणांना एकमेकांवर आपटून आपटून मिसळायला पुरेसा वेळ मिळाला असेल, तर ते फार छान चालतं. काचेसारखा पदार्थ, जो थंड होताना मध्येच अडकून बसलाय, तिथे ते सरळ लावता येत नाही. तुमच्या डब्यातल्या गॅसला मात्र बिनधास्त लावा.

आता मोजूया. चारच कण घ्या, त्यांना नंबर द्या. प्रत्येक कण डावीकडे किंवा उजवीकडे, म्हणजे एकूण २×२×२×२ = १६ मांडण्या. यातली "सगळे डावीकडे" अशी मांडणी १. "तीन डावीकडे, एक उजवीकडे" अशा ४, कारण उजवीकडचा तो एकटा चारपैकी कुणीही असू शकतो. "दोन-दोन" अशा ६, मग परत ४ आणि १. सोळाही मांडण्या एकाच वजनाच्या आहेत, कुणीही लाडकी नाही, पण तुम्ही नंबर पुसून नुसतं "डावीकडे किती" एवढंच बघायला लागलात की दोन-दोनच्या खात्यात सहा मांडण्या जमा आणि सगळे डावीकडेच्या खात्यात एकच. एवढाच सगळा प्रकार आहे, पुढचं सगळं या सोळा ओळींचंच मोठं रूप आहे. खरंच कागदावर त्या सोळा ओळी लिहून बघा, वाचून सोडून देऊ नका. (वर्गात मी हे लिहायला लावते तेव्हा सगळ्यांना वाटतं हिने आम्हाला लहान मुलं समजलंय, आणि मग निम्म्या लोकांच्या यादीत पंधरा किंवा सतराच ओळी निघतात.)

चार कणांत "सगळे डावीकडे" हे सोळातून एकदा दिसेल, म्हणजे काही विशेष नाही. १० कणांत ते १०२४ मधून एकदा. १०० कणांत एकूण मांडण्यांचा आकडा १.२७ गुणिले १ वर ३० शून्यं इतका जातो, आणि त्यात बरोबर ५०-५० वाल्या मांडण्या एकट्याच १ वर २९ शून्यं इतक्या असतात, "सगळे डावीकडे" मात्र अजूनही एकच! त्या बिचारीची शक्यता कमी झालेली नाही, ती आजही तिच्या शेजारणीइतकीच शक्य आहे, फक्त शेजारणी भयंकर वाढल्या.

हे आकडे नुसते वाचून काही जाणवत नाही, म्हणून मी वेळेत बदलून सांगते. समजा डब्यातले कण दर सेकंदाला एक लाख कोटी वेळा नवीन मांडणी धरतात, आणि तुम्ही सगळे डावीकडे येण्याची वाट बघत बसलाय. ४० कण असतील तर सरासरी एका सेकंदात एकदा दिसेल. ६० कण असतील तर १३ दिवस लागतील. १०० कण असतील तर सुमारे ४००० कोटी वर्षं, आणि विश्वाचं वयच १३८० कोटी वर्षं आहे. चाळीसपासून शंभरपर्यंत फक्त साठ कण वाढवले आणि सेकंदाचं विश्वाच्या वयाच्या तिप्पट झालं. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला एक लिटर हवेत साधारण २५ वर २१ शून्यं इतके रेणू असतात, आता तिथली वाट तुम्हीच बघा.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि ती पुस्तकात पटकन उरकून टाकतात. लोकांना वाटतं प्रश्न फक्त टोकाच्या मांडणीचा आहे, सगळे डावीकडे नाही तर निदान साठ-चाळीस तरी दिसायला हवं ना? तर डावीकडे ४० ते ६० टक्के कण असण्याची शक्यता बघा: १० कणांना साधारण ६६ टक्के, १०० कणांना ९६ टक्के, १००० कणांना इतकी की त्या पट्ट्याबाहेर जाण्याची शक्यता अब्जात एकापेक्षाही कमी. निम्म्यापासूनची चढउतार कणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढते, पण संख्या स्वतः त्याहून कितीतरी वेगाने वाढते, म्हणून टक्क्यांत बघितलं तर चढउतार मरत जाते. एक लिटर हवेत ती एक लाख कोटी भागांतले सहा-सात भाग एवढीच उरते. म्हणजे गॅस "सारखा पसरलाय" असं आपण म्हणतो तेव्हा आत खरंतर अखंड गडबड चालूच असते, ती आपल्या कुठल्याच मीटरवर उमटत नाही इतकंच.

इथवर आलं की वर्गात हमखास एक जण म्हणतो, "म्हणजे कण जास्त शक्यतेकडे ओढले जातात." नाही हो. कणाला काहीच माहीत नसतं. हवेतला रेणू सेकंदाला साडेचारशे-पाचशे मीटरच्या वेगाने धावतो, पण सुमारे ७० नॅनोमीटर गेला की कुणावर तरी आपटतो, सेकंदात अब्जावधी वेळा आपटतो, त्याला डावं-उजवं, भरलेलं-रिकामं, काही कळत नाही. मग ओढ नसताना पसरतो कसा? यासाठी पॉल आणि तातियाना एहरेनफेस्ट या जोडप्याने १९०७ साली एक खेळ सुचवला होता, माझ्या मते एन्ट्रॉपी शिकवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

२० चिठ्ठ्या घ्या, १ ते २० नंबर टाका, सगळ्या डाव्या वाटीत ठेवा, उजवी वाटी रिकामी. आता १ ते २० मधला एक नंबर कसाही निवडा (फोनवर रँडम नंबर मिळतो), ज्या चिठ्ठीचा तो नंबर असेल ती जिथे असेल तिथून उचलून दुसऱ्या वाटीत टाका. झालं, परत नंबर, परत तेच. पहिली चाल डावीकडून उजवीकडेच होणार, दुसरा पर्यायच नाही. डावीकडे १६ उरल्यात तेव्हा बघा काय होतं: निवडलेला नंबर डाव्या वाटीतला निघण्याची शक्यता २० पैकी १६, म्हणजे ८० टक्के, का तर तिथे चिठ्ठ्या जास्त आहेत म्हणून! चिठ्ठीला कुणी ढकललं नाही, उजव्या वाटीने कुणाला बोलावलं नाही. प्रत्येक चिठ्ठीची निवड होण्याची शक्यता एकसारखी २० पैकी १ आहे, तरी एकूण वाहतूक डावीकडून उजवीकडे. दहा-दहा झाल्या की जाणाऱ्या आणि येणाऱ्या सारख्याच शक्यतेच्या, मग आकडा नऊ, दहा, अकरा, दहा असा तिथेच घुटमळत राहतो. गॅस असाच पसरतो, भरलेल्या बाजूने जास्त कण बाहेर पडतात कारण तिथे बाहेर पडायला जास्त कण आहेत.

आता तुमचा उलट्या नियमांचा मुद्दा, हा सोपा नाही आणि तुम्ही एकटे नाही आहात. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमन या गोष्टी मांडत होता तेव्हा त्याचाच सहकारी योहान लोश्मिट याने १८७६ मध्ये जवळपास हाच आक्षेप घेतला होता: पसरलेल्या गॅसमधल्या प्रत्येक कणाचा वेग बरोबर उलटा केला तर तोच गॅस आल्या वाटेने परत जमा होईल, आणि हे नियमात पूर्ण बसतं, मग तुमचा एकदिशा नियम कुठे राहिला?

मी हे प्रत्यक्ष करून बघितलंय, सिम्युलेशनमध्ये. सपाट डब्यात काही शे चकत्या, एकमेकींवर आणि भिंतींवर आपटणाऱ्या, सुरुवातीला सगळ्या डाव्या कोपऱ्यात. थोडा वेळ पसरू दिल्या, मग थांबवून सगळ्यांचे वेग उलटे केले आणि परत चालू केलं. स्क्रीनवर त्या पसरलेल्या चकत्या हळूहळू कोपऱ्याकडे गोळा होताना बघितल्या तेव्हा अंगावर काटा आला होता, हे काहीतरी चुकीचं घडतंय असंच वाटतं, जरी प्रोग्रॅम मीच लिहिला होता. मग म्हटलं जास्त वेळ पसरू देऊ आणि मग उलटं करू, तर या वेळी त्या कोपऱ्याकडे जायला लागल्या, अर्ध्या रस्त्यात त्यांची फळी फुटली आणि परत सगळीकडे पसरल्या. मी दोन दिवस कोडमधली चूक शोधत बसले. चूक नव्हती. कॉम्प्युटर प्रत्येक आकडा पंधरा-सोळा अंकांपर्यंतच ठेवतो, त्यापुढचं कापतो, आणि ती कापलेली चूर प्रत्येक धडकेत कितीतरी पट होत जाते. थोड्याच धडकांनंतर चकती भलतीकडेच निघालेली असते. म्हणजे परत जमणारी मांडणी अस्तित्वात आहे, नियम तिला अडवत नाही, पण ती इतकी नेमकी लागते की सोळाव्या अंकातला धक्कासुद्धा तिला सहन होत नाही. पसरण्याला मात्र असा धक्का लागला तर एका पसरलेल्या मांडणीतून दुसऱ्या पसरलेल्या मांडणीत, कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणजे दिशा नियमात नाही, सुरुवातीत आहे. आपण गॅस मुद्दाम एका दुर्मिळ मांडणीतून सोडला, तिथून कुठेही गेलं तरी जास्त मांडण्यांच्याच भागात जाणार. मग तुम्ही विचाराल की अशी दुर्मिळ सुरुवात मुळात आली कुठून, कारण गॅस डावीकडे भरायलाही कुणीतरी काहीतरी खर्च केलाच असणार, आणि त्याच्या आधी? ही साखळी मागे मागे जात थेट विश्वाच्या सुरुवातीच्या कमी एन्ट्रॉपीपर्यंत जाते आणि तिचं कारण काय यावर अजूनही वाद आहेत. डब्यातला गॅस समजायला ते लागत नाही, म्हणून मी तिथे थांबते.

आता लॉग. मांडण्यांची संख्या मोजली तर सरळ तीच एन्ट्रॉपी का नाही म्हणायची? कारण दोन डबे शेजारी ठेवले तर मांडण्यांचा गुणाकार होतो. पहिल्यात १६, दुसऱ्यात १६, तर दोन्ही मिळून २५६, पहिल्यातल्या प्रत्येकीबरोबर दुसऱ्यातली कुठलीही. पण वस्तुमान किंवा ऊर्जा कशी दोन डब्यांची मिळून बेरीज होते, तशी बेरीज होणारी राशी आपल्याला हवी असते, आणि गुणाकाराची बेरीज करून देणारं यंत्र म्हणजे लॉग. शिवाय आकडे माणसात येतात हा बोनस. म्हणून एन्ट्रॉपी बरोबर के गुणिले लॉग डब्ल्यू, डब्ल्यू म्हणजे मांडण्यांची संख्या आणि के हा बोल्ट्झमनचा स्थिरांक. बोल्ट्झमनने संभाव्यतेशी हे नातं १८७७ मध्ये मांडलं, आज आपण लिहितो त्या रूपात ते नंतर मॅक्स प्लांकने लिहिलं, आणि व्हिएन्नामध्ये बोल्ट्झमनच्या थडग्यावर ते कोरलेलं आहे.

के कशाला लागतो? नुसता लॉग हा बिनएककाचा आकडा आहे, आणि "एन्ट्रॉपी" हा शब्द रुडॉल्फ क्लाउझियसने १८६५ मध्येच ठरवून टाकला होता, तेव्हा रेणू मोजायचा प्रश्नच नव्हता, वाफेच्या इंजिनांतून आलेला हिशोब होता: दिलेली उष्णता भागिले तापमान, एकक ज्यूल प्रति केल्विन. के हा या दोन बोलींमधला दुभाषा आहे. २०१९ पासून त्याची किंमत ठरवूनच टाकली आहे, १.३८०६४९ गुणिले १० चा उणे २३ वा घात.

दोन्ही व्याख्या एकच कशा, हे तुम्हाला पटायला एकच उदाहरण पुरेल, आणि तुमचाच डबा पुरेल. एक मोल गॅस अर्ध्या डब्यातून पूर्ण डब्यात गेला. मोजणीने बघा: प्रत्येक रेणूला आता दुप्पट जागा, म्हणजे प्रत्येक रेणूमागे मांडण्या दुप्पट. रेणू ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके. दोनाचा नैसर्गिक लॉग ०.६९३. के गुणिले रेणूंची संख्या गुणिले ०.६९३, उत्तर ५.७६ ज्यूल प्रति केल्विन.

आता रेणू विसरा. भिंत झटकन काढण्याऐवजी दट्ट्या हळूहळू मागे सरकवत गॅस तेवढाच प्रसरण पावू द्या, तापमान ३०० केल्विनवर धरून ठेवा. गॅस दट्ट्यावर काम करतो आणि तेवढीच उष्णता बाहेरून घेतो, ती येते सुमारे १७२९ ज्यूल. भागिले ३००. उत्तर ५.७६! एका बाजूला नुसती मोजणी, दुसऱ्या बाजूला थर्मामीटर आणि दट्ट्या, आणि उत्तर तेच. मला स्वतःला हा हिशोब पहिल्यांदा जमला तेव्हा या विषयावर विश्वास बसला, त्याआधी नुसतं पाठ होतं. एक सावधगिरी, भिंत झटकन काढली तर उष्णता शून्य येते आणि काही जण एन्ट्रॉपीचा बदलही शून्य लिहून मोकळे होतात. क्लाउझियसची व्याख्या हळूहळू, उलटता येईल अशा रस्त्यानेच लावायची असते. सुरुवात आणि शेवट तेच असले की एन्ट्रॉपीचा बदल तोच, रस्ता कुठलाही असो.

पण आत्तापर्यंत आपण फक्त जागा मोजली, ऊर्जाही मोजावी लागते, आणि तिथे तापमान कुठून येतं ते दिसतं. "अ" आणि "ब" असे दोन तुकडे घ्या, प्रत्येकात ऊर्जा ठेवायच्या ३ जागा, आणि ऊर्जेची एकूण ४ सारखी नाणी. चारही नाणी "अ" मध्ये असतील तर "अ" मध्ये ती ठेवायचे १५ मार्ग, "ब" मध्ये काहीच न ठेवायचा १ मार्ग, एकूण १५. एक नाणं "ब" ला दिलं: "अ" चे मार्ग १५ वरून १० वर आले, "ब" चे १ वरून ३ झाले, गुणाकार ३०. दोन-दोन केली तर ६ गुणिले ६, ३६. पुढे परत ३० आणि १५. एकूण १२६ मधले सगळ्यात जास्त मधल्या वाटणीचे.

त्या पहिल्या नाण्याकडे नीट बघा. देणाऱ्याचे मार्ग दीडपटीने घटले, घेणाऱ्याचे तिप्पट झाले. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला एक नाणं गेल्याने फार फरक पडत नाही, ज्याच्याकडे काहीच नाही त्याला खूप पडतो. तापमान म्हणजे हेच, ऊर्जेचं एक नाणं आल्याने मार्ग जितके कमी पटीने वाढतात तितका तो तुकडा गरम. म्हणून उष्णतेला तापमानाने भागायचं, तीच उष्णता थंड वस्तूत गेली तर एन्ट्रॉपी जास्त वाढवते आणि गरम वस्तूतून निघाली तर कमी घटवते. आणि हो, फक्त चार नाण्यांत सगळी "अ" कडे परत जाण्याची शक्यता १२६ पैकी १५ आहे, जवळपास १२ टक्के, म्हणजे एवढ्या छोट्या जगात उष्णता थंडाकडून गरमाकडे सर्रास जाते!

"अव्यवस्था" या शब्दावर माझा राग का, तेही सांगते. गॅसच्या बाबतीत तो चालून जातो, पण मग माणूस डोळ्यांना पसारा दिसतो की नाही यावरून एन्ट्रॉपी ठरवायला लागतो. गुळगुळीत कडक गोळ्या घ्या, एकमेकींना अजिबात न ओढणाऱ्या, आणि डबा थोडा थोडा भरत जा. साधारण निम्मी जागा गोळ्यांनी भरली की त्या आपोआप शिस्तीत रांगा लावून स्फटिक बनवायला लागतात. अल्डर आणि वेनराइट यांनी १९५७ मध्ये सुरुवातीच्या कॉम्प्युटरांवर हे दाखवलं. इथे ऊर्जेचा फायदा काहीच नाही, स्फटिक होतो तो एन्ट्रॉपी वाढते म्हणून! कारण गर्दीत वेड्यावाकड्या उभ्या राहिल्या तर सगळ्या अडकतात, रांगेत उभ्या राहिल्या तर प्रत्येकीला हलायला थोडी जास्त जागा मिळते, म्हणजे एकूण मांडण्या जास्त. डोळ्याला व्यवस्था दिसते, मोजणी म्हणते एन्ट्रॉपी जास्त, आणि बरोबर मोजणी असते.

घरी करता येईल असं हवं असेल तर जाडसर रबर बँड घ्या, झटकन ताणा आणि लगेच ओठाला लावा, कोमट लागतो. ताणलेलाच धरून थोडा वेळ थांबा, मग सैल सोडून परत ओठाला लावा, गार लागतो. रबरातल्या लांब साखळ्यांना गुंडाळी करून बसायचे असंख्य मार्ग असतात, सरळ ताणून उभं राहायचे मोजके, म्हणून रबर आत ओढतो. तिथे स्प्रिंगसारखं बंध ताणले जाणं फारसं नसतंच, ओढ बहुतेक मोजणीतूनच येते. वजन टांगून ताणलेला रबर गरम केला तर तो लांब न होता आखडतो, ही त्याचीच खूण.

परिस्थितीवर काय अवलंबून, हा धागा राहिला होता. एन्ट्रॉपीत थोडं आपलंही असतं, म्हणजे आपण कशाला वेगळं धरतो ते. डावीकडे एक मोल एक गॅस, उजवीकडे एक मोल दुसरा, भिंत काढली की एन्ट्रॉपी ११.५ ज्यूल प्रति केल्विनने वाढते. दोन्हीकडे एकच गॅस असेल तर शून्याने, कारण एकसारख्या रेणूंची अदलाबदल ही नवीन मांडणी नाहीच. मी चिठ्ठ्यांना नंबर दिले ते हिशोब दिसावा म्हणून, खऱ्या रेणूंवर नंबर नसतात, आणि हे विसरलं की गिब्जच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पॅराडॉक्समध्ये पाय अडकतो. तुम्ही अजून तिथे पोचला नसाल तर आत्ता काळजी करू नका, पण पुढे पुस्तकात एन फॅक्टोरियलने (१ पासून एन पर्यंतच्या सगळ्या आकड्यांच्या गुणाकाराने, एन म्हणजे रेणूंची संख्या) भागलेलं दिसलं तर ते यासाठी आहे.

आणि थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम, म्हणजे एकूण एन्ट्रॉपी आपोआप कधी घटत नाही हा, मोडतो का, हे तुम्ही शेवटी जरा भीत भीतच विचारलंय. मोठ्या गोष्टींत नाही, छोट्या गोष्टींत थोड्या वेळासाठी हो. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पाण्यात काही मायक्रोमीटरचा एक मणी लेझरच्या चिमट्यात धरून हळूच ओढला आणि त्याचा रस्ता मोजला, तर अधूनमधून पाण्याचे रेणूच त्या मण्याला उलटं ढकलून मदत करताना सापडले, अगदी सेकंदाच्या मापाच्या वेळेपर्यंत. पण असे अनेक प्रयोग मिळून सरासरी काढली की नियम जसाच्या तसा. वर कणांची संख्या वाढवत नेली तेव्हा जे दिसलं त्याचंच हे दुसरं टोक.

पुढे वाचायच्या आधी एक करा, चिठ्ठ्यांचा खेळ एकदा खरंच खेळा, आणि प्रत्येक चालीनंतर डावीकडचा आकडा लिहून ग्राफ काढा. फक्त २० चिठ्ठ्यांनी सगळ्या परत डावीकडे येण्याची वाट बघू नका, सरासरी १०,४८,५७६ चाली लागतात, सेकंदाला एक चाल केली तरी न झोपता बारा दिवस. १० चिठ्ठ्या घ्या. सरासरी १०२४ चाली, चार सेकंदाला एक म्हटलं तरी तासाभराचं काम, आणि नशीब असेल तर पहिल्या दहा मिनिटांतच सगळ्या डाव्या वाटीत परत आलेल्या दिसतील.